त्रेचाळिसावा प्रश्न

"तंबाखू?"

"नाही."

"दारू?"

"इश्श!"

"घरात कुणाला बीपी, शुगर, अर्धांगवायू?"

"नसावा."

"नसावा की नाही?"

"लिही तुला काय लिहायचं ते."

प्रणोती दराडेने 'नाही'वर टिक मारली आणि ती पुढच्या प्रश्नाला लागली.

समोर स्टुलावर डोक्यावरून पदर घेऊन बसलेली बाई खरी पेशंट नव्हती. त्या आमच्या ओहोळबाई. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला लागून आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. नर्सिंग झालेल्या पंचवीस जणांना सहा महिने शिकवायचं आणि खेड्यातल्या उपकेंद्रांवर धाडायचं, म्हणजे बीपी-शुगरच्या पेशंटला साध्या तपासणीसाठी कोसभर हिंडावं लागू नये. पेशंटला बोलतं कसं करायचं, याची तालीम ओहोळबाई घेत. त्या स्वतःच पेशंट होऊन बसत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी तासांवर येत. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे.

मी त्यांचा मुलगा झालो होतो, म्हणजे नातेवाईक. वर्गात ब्रदर मी एकटाच, त्यामुळे सगळ्या पेशंटांचा मुलगा मीच. गोळ्यांची पिशवी धरून गप्प उभं राहायचं, एवढंच माझं काम.

"मीठ?"

"वरून घेतच नाही."

"झोप?"

"लागते."

"गोळी रोज घेता?"

"एक दिवस चुकत नाही."

फॉर्मवर चाळीस प्रश्न होते. प्रणोतीने ते नऊ मिनिटांत उडवले. मग टेबलावरची चिठ्ठी उलटली. पेशंटचं बीपी त्यावर आधीच लिहिलेलं असे. एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.

"मावशी, गोळी चालू असून बीपी जास्तच आहे. डॉक्टरांशी बोलून एकाच्या दोन करून घेते."

बाई हसल्या. मान खाली घालून, जराशाच. माझ्या हातातली पिशवी ओढून त्यांनी मांडीवर घेतली.

"झालं," प्रणोती म्हणाली.

"झालं?"

"झालं."

बाईंनी पदर खाली घेतला.

"नापास."

प्रणोती वर्गात पहिली. तिला नापास हा शब्द ऐकायची सवय नव्हती आणि आम्हाला तो तिच्याबाबतीत ऐकायची.

"का? कोणता प्रश्न राहिला?"

"मी मिश्री लावते."

"तुम्ही तंबाखू नाही म्हणालात!"

"तंबाखू कुठे खाते मी? मिश्री लावते. दात घासायला."

"बाई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच असते."

"ते तुला माहीत. मला कुठे माहीत आहे?"

सगळे हसले. प्रणोतीने लाल पेन काढलं, फॉर्मच्या तळाशी एकेचाळीस आकडा घातला आणि लिहिलं, 'मिश्री लावता का?'

"म्हणजे मिश्रीमुळे नापास ना?"

"मी असं म्हटलं?" बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

हे बुधवारी घडलं. परीक्षा सोमवारी होती. प्रात्यक्षिकाच्या वहीत बाईंची सही असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

आम्हा बाकीच्यांना बाईंनी सोपे पेशंट दिले होते. मला बहिरा म्हातारा मिळाला. मी ओरडून ओरडून विचारलं आणि पास झालो. प्रणोतीला मात्र ही एकच बाई.

तिचं काय पणाला लागलं होतं, ते सांगतो. नेमणुकांच्या यादीत तिच्या नावापुढे टाकळदरीचं उपकेंद्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं. टाकळदरी तिचं सासर. तिची चार वर्षांची मुलगी तिथे आजीजवळ वाढत होती, कारण प्रणोती मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून पुण्यात खाजगी दवाखान्यात कंत्राटावर होती. मुलगी आजीला आई म्हणायची आणि हिला 'पुण्याची आई'. प्रणोतीने हे मला हसत सांगितलं होतं आणि नंतर बराच वेळ नाक पुसत बसली होती.

परीक्षा हुकली असती तर टाकळदरी दुसऱ्या कुणाला गेलं असतं.

गुरुवारी पुन्हा तेच स्टूल, तोच पदर.

"मिश्री लावता का?"

"दोन टायमाला."

प्रणोतीने माझ्याकडे पाहिलं. बघ, सापडलं की नाही, अशी नजर. पुढचे प्रश्न तिने दहा मिनिटांत संपवले. मग चिठ्ठी उलटली. मग एकाच्या दोन गोळ्या.

बाई हसल्या. पिशवी मांडीवर ओढली.

"झालं."

"नापास."

"आता काय?"

"खारातली मिरची खाते मी. पापड. बुधवारी सुकट."

"तुम्ही मीठ घेत नाही म्हणालात!"

"वरून घेत नाही म्हटलं. आणि खरंच घेत नाही."

प्रणोतीने दातांनी ओठ दाबला. लाल पेन निघालं. बेचाळीस. 'पापड, लोणचं, सुकट खाता का?' पेन इतकं दाबून फिरलं की मागच्या पानावर अक्षरं उठली.

"बाई, एकदाच सगळं सांगून टाका ना. मी लिहून घेते."

"पेशंट सांगतो का एकदाच सगळं?"

"तुम्ही पेशंट नाही!"

"मग तू मला मावशी का म्हणतेस?"

दुपारी डबा खाताना प्रणोतीने माझ्यापुढे बाईंवर तोंडसुख घेतलं. म्हणाली, "म्हातारीला चळ लागलाय. एकेका पेशंटवर चाळीस मिनिटं घालवायचे दिवस गेले. ओपीडीत शंभर माणसं असतात रांगेत. फॉर्म कशाला केलाय मग सरकारने?"

बोलणं खरं होतं. पण खरं सांगायचं तर मला दोघींचाही वैताग आला होता. एक प्रश्न वाढवत होती, दुसरी नापास करत होती, आणि पिशवी धरून माझा हात दुखत होता. एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. बाई दोन्ही दिवस हसल्या ते एकाच जागी. मी काही बोललो नाही. मला वाटलं, हिची गंमत करताहेत.

शुक्रवारी प्रणोती आली ती घोड्यावर बसूनच. रात्री झोपलेली दिसत नव्हती. बेचाळीस प्रश्न तोंडपाठ केले होते. कागदाकडे न बघता विचारत होती. मिश्री, सुकट, घोरणं, पायांवर सूज, शेजारणीने दिलेली काढ्याची पुडी, काही म्हणजे काही सोडलं नाही. बाईही सरळ उत्तरं देत होत्या.

चिठ्ठी उलटली.

"मावशी, डॉक्टरांशी बोलून एकाच्या दोन गोळ्या करून घेते."

बाई हसल्या. पिशवी ओढली.

"झालं."

"झालं?"

"झालं!"

"नापास."

प्रणोतीने फॉर्म टेबलावर आपटला.

"पुरे झालं! पुरे! तीन दिवस तुम्ही माझी टर उडवताय. मी गोळी वाढवते म्हणते आणि तुम्ही हसता. काल हसलात, परवा हसलात, आजही हसलात. माझं काय चुकतंय ते सांगायचं नाही, नुसतं हसायचं! कशाला हसता? सांगा ना, कशाला हसता तुम्ही?"

ओहोळबाई हलल्या नाहीत. पदर अजून डोक्यावरच होता.

"काय विचारलंस?"

"म्हटलं, हसता कशाला!"

"..."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. त्याचं एक चाक करकरत होतं. ते पार लांब जाईपर्यंत बाई बोलल्या नाहीत.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ती का हसली ते मला माहीत नाही."

बाईंनी पदर खाली घेतला आणि पिशवी माझ्या हातात परत दिली.

"एकतीस वर्षांपूर्वी मी एका आरोग्य केंद्रावर होते. डोंगराकडची एक बाई दर महिन्याला गोळ्यांना यायची. माझ्याजवळही तेव्हा कागद होता. तुझ्याइतका लांब नव्हता. मी तिला म्हटलं, बीपी उतरत नाही, गोळी दुप्पट करून घेऊ. ती हसली. पिशवी अशी मांडीवर ओढली."

"मग?"

"मी मान वर केली होती. हसू मला दिसलं. आणि मी म्हटलं... पुढचा."

"..."

"पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, गेले कुठेतरी. तिचा कागद मात्र पूर्ण होता. वरून साहेब आले होते, त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. भरावा तर असा, म्हणाले."

प्रणोतीचा राग काही उतरला नव्हता. उलट आता त्याला धड जागा सापडली.

"म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच ठाऊक नाही, त्यावर तुम्ही मला तीन दिवस नापास केलंत?"

"हो."

"हा कुठला न्याय?"

"न्याय कुठे करते मी? तालीम घेते."

"आणि मीच का? वर्गात बाकी चोवीस जण आहेत."

"त्यांना अजून कागद भरता येत नाही. तुला येतो."

प्रणोतीने वही पुढे सरकवली.

"आता विचारला ना मी प्रश्न? द्या सही."

"तू मला विचारलास. रागाने विचारलास. तिला नाही विचारलास."

"ती कुठून आणू मी आता?"

"उद्या ओपीडीत ये. आठला."

बाई निघून गेल्या. प्रणोती माझ्याकडे वळली. "तूच सांग, ह्या बाईला काय म्हणायचं?" मी काय सांगणार? मी नातेवाईक. गप्प उभं राहणं हे माझं काम.

शनिवारी ओपीडी अर्धाच दिवस असते, म्हणून गर्दी दुप्पट. प्रणोती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. बीपी मोजून पेशंट तिच्याकडे पाठवायचं काम मला दिलं होतं. ओहोळबाई भिंतीकडच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेतच बसल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, यांचाही नंबर यायचाय.

नवव्या नंबरला कौसाबाई सानप आल्या. पंचावन्नच्या आसपास, हातात कापडी पिशवी, पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं जपून आणलेली. बीपी एकशे बासष्ट, अठ्ठ्याण्णव.

"मिश्री लावता?" प्रणोतीने तिथूनच सुरुवात केली.

"सोडली ताई. पोरीनं सोडायला लावली."

"पापड, लोणचं?"

"दात कुठंत पापड खायाला?"

"गोळी?"

"एक दिवस चुकत न्हाई."

मी वर पाहिलं. तेच शब्द. बाकावर बाई आपल्या चपलांकडे बघत होत्या.

प्रणोतीने टिक मारली. अकरा प्रश्न झाले होते. तिने पेनाचं टोक पुढच्या ओळीवर ठेवलं आणि रिकामी पाकिटं मोजत सवयीने म्हणाली, "मावशी, गोळ्या बरोबर संपल्यात. तरी बीपी उतरत नाही. डॉक्टरांशी बोलून एकाच्या दोन करून घेते."

कौसाबाई हसल्या.

ते बाईंसारखं हसू नव्हतं. खालचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते जरा जास्तच दिसलं. पिशवी मात्र त्यांनी उघडली आणि आत डोकावल्या, जागा आहे का ते बघायला.

प्रणोतीचं पेन थांबलं. तिने ते बंद करून टेबलावर ठेवलं.

"मावशी, हसलात?"

"न्हाई न्हाई."

"हसलात. कशाला हसलात?"

कौसाबाई घाबरल्या. "काय चुकलं का माझं?"

पोलिसासारखं विचारलं होतं तिने. तिलाही ते कळलं असावं, कारण तिने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"काही नाही चुकलं. गोळी वाढली की माणसं तोंड वाकडं करतात. तुम्हाला बरं वाटलं. म्हणून विचारलं."

"..."

"ओ सिस्टर, आवरा की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आम्हाला एसटी हाय!"

प्रणोतीने हात वर करून त्यांना थांबवलं. तोंडातून शब्द काढला नाही. सहा महिन्यांत मी तिला इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. कौसाबाई पिशवीच्या बंदाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या, पुन्हा मारत होत्या.

"पुरतील आता," त्या शेवटी म्हणाल्या.

"कुणाला?"

"दोघांला."

"..."

"आमच्या मालकांला बी हाये बीपी. ते काय येत न्हाईत हितं. मग मी निम्मी करते. आडकित्त्यानं. निम्मी मला, निम्मी त्यांला. कवा तुकडा कमी-जास्त झाला तर मोठा त्यांला देते. गाडीवर असत्यात ना ते."

"कसली गाडी?"

"जीप. शाळेची पोरं ने-आण करत्यात. मागल्या साली जत्रंत फुकट तपासणी व्हती, तिथं निघालं बीपी. चिठ्ठी दिली तर ह्यांनी फाडून टाकली. म्हनले, कागदावर आलं तर संस्था दुसरा डायवर बघंल. ताई, तुमी लिहू नका हां हे."

प्रणोतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पोरं भरलेल्या गाडीचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार, माझ्याही आलं. अहो, काय हे, असं काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलेलं मी बघितलं. तिने ते गिळलं.

"मालक कुठेत आत्ता?"

"भाईर. लिंबाखाली, जीपमधीच. मला घिऊन आले. डोकं ठणकतंय म्हनले, पडतो जरा."

प्रणोती उठली. तिची खुर्ची मागच्या माणसाच्या गुडघ्यावर आदळली. बीपीचं मशीन तिने माझ्या टेबलावरून उचललं. फॉर्म पंख्याच्या वाऱ्याने उडाला, तो मी धरला आणि तिच्या मागे धावलो. सगळी रांग आम्हाला शिव्या घालत होती.

रंभाजी सानप पुढच्या सीटवर आडवे झाले होते. डोक्याला उपरणं घट्ट बांधलं होतं. प्रणोतीने काही न विचारता त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मोजलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. दोनशे चार, एकशे अठरा.

"ताई, लिहू नका," ते म्हणाले.

"नाही लिहीत. पेनच आणलं नाही मी."

त्यांनी तिचे हात बघितले. खरंच नव्हतं.

"मावशी तुम्हाला गोळीचा मोठा तुकडा देतात. ठाऊक आहे तुम्हाला?"

रंभाजी कौसाबाईंकडे बघायला लागले. त्या जीपच्या दाराशी उभ्या होत्या आणि टायरकडे बघत होत्या.

"...न्हाई," ते म्हणाले.

"चला आत. डॉक्टरांशी मी बोलते."

"आन् गाडी?"

"गाडी हा ब्रदर घेईल."

मला जीप चालवता येते की नाही, हे तिने मला सहा महिन्यांत कधीच विचारलं नव्हतं. येते.

डॉक्टरांनी रंभाजींना दोनपर्यंत खाटेवर ठेवलं आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर गोळ्या सुरू केल्या. दोन आठवडे गाडीला हात लावायचा नाही, आटोक्यात आलं की मग बघू, असं बजावलं. संस्थेच्या सेक्रेटरींना ते स्वतः फोन करणार होते. दोन आठवड्यांनी जीप रंभाजींचीच राहील की नाही, ते कुणी सांगू शकत नव्हतं. कौसाबाईंना डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्याच नाहीत. एकच दिली. अख्खी घ्यायची, म्हणाले.

मी दोघांना जीपने गावी सोडून मिळेल त्या गाडीने परत आलो, तेव्हा प्रणोती वर्गाच्या दाराशी उभी होती. केस विस्कटलेले, डबा न उघडलेला. चारची एसटी तिला टाकळदरीला नेणार होती. रविवारचा एक दिवस मुलीजवळ आणि सोमवारी सकाळी परत. परीक्षेला बसायचं असेल तर वहीवर सही आजच हवी होती. बाई उद्या येणार नव्हत्या.

ओहोळबाई आत आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर प्रात्यक्षिकाची वही.

"फॉर्म?"

मी तो खिशातून काढून दिला. चुरगळला होता.

"अकराच प्रश्न," बाई म्हणाल्या.

"हो," प्रणोती म्हणाली. "अपुरा आहे."

"दिसतंय."

"पण बाई, आता कळलं ना तुम्हाला? तुमची ती डोंगराकडची बाई. तिचंही हेच असणार. निम्मी तिला, निम्मी घरात कुणाला तरी. म्हणून हसली ती."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. लिंबाखालची जागा आता रिकामी होती.

"हे कौसाबाईचं झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाईचं तिच्याजवळच राहिलं."

त्यांचे डोळे भरले होते. एकतीस वर्षांनी का होईना, कुणीतरी तो प्रश्न विचारला होता, पण भलत्याच बाईला. मला त्यांची फार दया आली. प्रणोतीचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"बरं, ते जाऊ द्या. हे बघा, मी काय केलंय." तिने कोरा फॉर्म काढला. तळाशी लाल पेनने तीन ओळी. पहिली मिश्रीची, दुसरी सुकटाची. तिसरी नवी. ४३. 'तुमची गोळी घरात आणखी कुणी घेतं का?'

"सगळ्या वर्गासाठी झेरॉक्स काढते. सोमवारी उपयोग होईल. आता हा प्रश्न कुणाचाच राहणार नाही."

पालथ्या घड्यावर पाणी, असं माझ्या मनात आलं. तीन दिवस आणि एक जीप खर्ची पडली होती.

बाईंनी फॉर्म वाचला. खाली ठेवला.

मग हसल्या. मान खाली घालून, जराशाच. आणि प्रात्यक्षिकाची वही ओढून त्यांनी मांडीवर घेतली.

"सही, बाई," प्रणोती म्हणाली.

बाईंनी पेन हातात घेतलं होतं. टोपण काढलं नव्हतं.

"बाई, चारची गाडी आहे माझी."

"..."

बाहेर स्टँडकडून हॉर्न वाजला. मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होतो, अगं, बघ ना त्यांच्याकडे. पण नातेवाईकाने मध्ये बोलायचं नसतं. मी गप्प राहिलो. आजवर ते काम मी सहज केलं होतं, त्या दिवशी मला ते जड गेलं.

प्रणोतीने पुन्हा घड्याळ बघितलं. वहीकडे बघितलं, ती बाईंच्या मांडीवर होती. मग तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

खांद्यावरची पर्स तिने काढून खाली ठेवली. पेशंटचं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसली. हॉर्न पुन्हा वाजला. तिने तिकडे मान वळवली नाही.

"बाई..." ती म्हणाली. आवाज कालच्यासारखा नव्हता. "हसलात कशाला?"

ओहोळबाईंनी पेनाचं टोपण काढलं. वही टेबलावर घेतली आणि सावकाश, जुन्या वळणाच्या अक्षरात सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग लाल शाईच्या त्या फॉर्मवर हात ठेवून म्हणाल्या,

"हा आत्ताचा प्रश्न मात्र लिहून ठेवू नकोस."